तिसरी वाटी

तूर निवडायला बसले की मला मध्ये कोणी हाक मारलेली चालत नाही. फोन वाजला तर वाजू दे. डोळे आपोआप खडा हेरतात, बोटं आपोआप उचलतात आणि डोकं मोकळं होऊन कुठं कुठं हिंडून येतं. खरं तर आमच्याकडे आता दुकानाची 'सॉर्टेक्स' डाळ येते. त्या यंत्रात कॅमेरे असतात, वेगळ्या रंगाचा दाणा दिसला की हवेचा झोत मारून त्याला बाजूला उडवतात. म्हणजे निवडायला काही उरत नाही. तरी मी ती ताटात पसरतेच. सून बघते आणि काही बोलत नाही, हा तिचा चांगुलपणा.

परवा दुपारी नातवाला आणायला अंगणवाडीत गेले आणि दारातच थांबले. सतरंजीवर लेकरं गोल करून बसलेली. प्रत्येकापुढं ताटली, ताटलीत तूर आणि हरभरा एकत्र, बाजूला दोन वाट्या. इकडे तूर, तिकडे हरभरा. आणि आवाज म्हणून नाही! घरी जी पोट्टी घटकाभर एका जागी टिकत नाहीत, ती जिभेचं टोक ओठाबाहेर काढून एकेक दाणा उचलत होती. मला अगदी त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं. ताई हळूच म्हणाल्या, "काकू, चिमटीची पकड पक्की होते यानं. पुढं पेन्सिल धरायला बरं पडते." भिंतीवर आठवड्याचा तक्ता होता: मणी ओवणे, मातीकाम, कागद फाडून चिकटवणे, भेंडीचे ठसे. भेंडीच्या ठशांची निळी फुलं एका कोपऱ्यात भिंतीवरही उमटली होती, ती तक्त्यात नसावीत.

सगळ्यांचं झालं. ताईंनी दोन्ही वाट्या उचलल्या आणि एकाच डब्यात ओतल्या.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अवो बाई, निवडलेलं कायले मिसळून राहिल्या?"

"उद्याच्यासाठी, काकू."

बरोबरच आहे त्यांचं. पण माझी आजी असती तर तिनं डबा हिसकावून घेतला असता.

नातवाच्या ताटलीजवळ जमिनीवर एक छोटी रास उरली होती. किडके, फुटके, सुरकुतलेले दाणे. ताईंनी विचारलं, "हे कोणत्या वाटीत?" तो म्हणाला, "हे कोंबडीचे." ताई म्हणाल्या, वाट्या दोनच आहेत. त्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही यांच्या घरी कोंबड्याच नाहीत.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या आजीच्याही नेहमी तीन राशी असायच्या. दुपारची जेवणं उरकली की ती ओसरीवर सूप घेऊन बसायची. आधी पाखडायची, फोलपटं अंगणात उडायची, कोंबड्या धावत यायच्या. मग आम्हा पोरांपुढं एकेक मूठ टाकायची. चांगलं सुपात, किडकं कोंबडीला, खडे उंबऱ्याबाहेर. खडा राहून गेला आणि रात्री बापूंच्या दाताखाली आला, तर कोणाच्या मुठीतला ते आजीला नक्की ठाऊक असायचं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

एकदा माझ्या चुलतभावानं हरभरा नाकात घातला. का घातला, तर बसतो का ते बघायला. बसला. हरभरा ओलाव्यानं फुगतो, त्यामुळे जितका वेळ जाईल तितका तो घट्ट. गावात प्रत्येकाकडे उपाय होता. एकानं तर तपकीर आणली. शेवटी बैलगाडीतून तालुक्याला नेऊन डॉक्टरांनी आकड्यासारख्या कशानं तरी तो काढला. त्यानंतर कितीतरी दिवस आजी निवडायला बसताना आधी त्याचं नाक तपासायची. तो आता पोलीस खात्यातून निवृत्त झालाय, आणि हरभऱ्याच्या भाजीला अजून नाक मुरडतो.

खेड्यात बालवाड्या रुजवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आमच्या अमरावतीत राहिल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं आणि उगाच अभिमान वाटला. १९४५ साली त्यांनी तिकडे बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ जोडीला. मॉन्टेसोरीचं साहित्य महागडं, खेड्यात आणायचं कुठून? मग शंख, शिंपले, पानं, बिया, दगड. लेकरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. रंगीत प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा खोका बघितला की मला त्या बिया आठवतात. ठोकळ्यांवर माझा राग नाही. पण ठोकळ्यात किडका कुठला निघायला?

आमच्याकडे तर ही हातानं शिकण्याची गोष्ट त्याही आधीची. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती मुलांचं शिक्षण गुंफायचा विचार तिथं पुढं आला. त्यातली निदान टकळी आमच्या शाळेपर्यंत पोचली होती. माझं सूत सारखं तुटायचं.

शेजारी बसणाऱ्या मुलीचं कधी तुटलं नाही. तिच्या बोटांसारखी बोटं वर्गात कोणाची नव्हती. आईबरोबर पऱ्हाटीत जाऊन जाऊन शिकलेली. वाळलेल्या बोंडाच्या नख्या बोटांना न लागू देता एका ओढीत सगळा कापूस काढायची, कवडी वेगळी, चांगला वेगळा. पेन्सिल मात्र मुठीत धरायची. गुरुजी त्यावरून रोज पट्टी मारायचे. चिमटीचं कौतुक तेव्हा निघालं नव्हतं.

चौथीत असताना दसऱ्यानंतर आमच्या वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झाली, आम्ही दहीभात खाल्ला, वेचणी लागली. ती शाळेत यायची बंद झाली. गुरुजींनी काही दिवस हजेरीत तिचं नाव घेतलं, मग सोडून दिलं. ती आमच्याच वावरात होती. किलोमागे पैसे मिळायचे. संध्याकाळी आजीनं तिचं गाठोडं सोडलं, कापसात हात घालून खालवर केला आणि आईला म्हणाली, "पोरीचा हात लय साफ हाये वो. पाह्य, एक काडी नाही कापसात."