फेल्टला धागाच नसतो

फेल्टवर, म्हणजे त्या जाडसर लवदार कापडावर, भरतकामाचं डिझाईन छापायच्या भानगडीत मी जेवढा वेळ घालवलाय ना, तेवढ्यात एक अख्खी गोधडी शिवून झाली असती. कार्बन पेपर ठेवून गिरवलं तर लवेवर निळसर धुरकट काहीतरी उमटलं, हात फिरवला की गायब. पेन्सिलचं टोक अडकतं. ते आपोआप उडून जाणारं पेन आणलं, ते गडद रंगावर दिसलंच नाही आणि फिकट रंगावर दिसलं ते मी चहा टाकायला उठले तेवढ्यात उडालं. टिश्यू पेपरवर चित्र काढायचं, तो फेल्टवर टाचायचा, वरूनच टाके घालायचे आणि शेवटी कागद फाडून काढायचा, ही युक्ती मात्र चालते, अगदी छान चालते, फक्त नंतर टाक्यांच्या खाली अडकलेले कागदाचे बारीक बारीक कपटे चिमट्याने उपसत बसावं लागतं आणि तेव्हा माणसाला आपल्या आयुष्याबद्दल प्रश्न पडायला लागतात.

म्हणून मी चित्र काढणंच सोडून दिलं. त्यामागे काही कलात्मक विचार वगैरे नव्हता, सरळ कंटाळा होता.

पहिलं जे केलं ते सुया ठेवायचं छोटं पुस्तक. पुण्यातल्या बोहरी आळीतून आणलेला बाटलीहिरवा फेल्ट, ए-फोर कागदाएवढा, त्यातून तळहाताएवढा तुकडा कापला. आणि मग बसले बघत. कोरा तुकडा समोर असला की पहिला टाका कुठे घालायचा हे कळतच नाही, मधोमध घातला तर सगळं मधूनच फुटायला लागतं आणि चारी बाजू सारख्या करायच्या मागे लागतो आपण. मी शेवटी डाव्या कोपऱ्यातून सुई वर काढली आणि उजवीकडे वर असा एक वाकडा धावदोरा टाकत गेले, लांब लांब टाके, फांदीसारखा. तोच माझा आराखडा. आवडला नाही तर ओढून काढायचा, धावदोरा आहे, काय लागतंय त्याला. आवडला की त्याच टाक्यांमधून दुसऱ्या रंगाचा दोरा गुंडाळत परत यायचं, कापडात सुई न घालता, नुसतं टाक्याखालून. दोन रंगांची पिळाची दोरी दिसते आणि फांदी ठरते. एकदा फांदी ठरली की पानं कुठे येणार ते आपोआप दिसायला लागतं, म्हणजे जिथे फांदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला जागा रिकामी वाटते, तिथे पान.

रांगोळीचं आहे ना तसं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायका वेगळ्या आणि मुक्तहस्त काढणाऱ्या वेगळ्या. मी लहानपणापासून ठिपकेवालीच, सतरा ते एक, वही बघून. त्यामुळे हे असं सुटं सुटं भरायला घेतलं तेव्हा पहिले काही दिवस सारखं वाटायचं की कुणीतरी येऊन विचारणार, हे कुठलं डिझाईन? आणि माझ्याकडे उत्तर नसणार.

आता फेल्टचं एक आहे. साधं कापड म्हणजे ताणा-बाणा, उभा धागा आडवा धागा. फेल्टला ते काही नाही. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, ओल, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि त्याचं कापड होतं, विणलेलं नाहीच ते. (दुकानात स्वस्तात मिळतो तो बहुतेक वेळा लोकरीचा नसतो, पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक असतो, त्यावर गरम इस्त्री ठेवू नका, मी ठेवलीये.) म्हणून तो कापला तरी त्याचे धागे सुटत नाहीत, कडा दुमडायला लागत नाही, हा फायदा. पण म्हणूनच सुईला सरळ जायला कसलाही आधार नाही. कॉटनवर सुई धाग्याच्या मधून वाट काढत जाते, इथे जिथे टोचाल तिथे जाते. वाकडी गेली तर ती तुमची चूक, कापडाची नाही.

आणि उसवणं! कॉटनवर टाका उसवला, थोडं नखानं घासलं की भोक मिटतं. फेल्टवर दोऱ्याबरोबर लवही उपटून येते, तिथे एक केसाळ डाग राहतो, दोनदा उसवलं की सरळ भोकच. त्यामुळे उसवायचं नाही हा नियम मी केला नाही, फेल्टनेच केला. चुकलं की त्यावर काहीतरी घालून झाका. माझ्या त्या सुईपुस्तकावर खालच्या कोपऱ्यात सात फ्रेंच नॉट, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून घातलेल्या गाठी, एकाला एक चिकटून आहेत, बघणाऱ्यांना वाटतं बेरीचा घोस आहे. घोस बिस काही नाही, खाली भोक आहे.

दोऱ्याचं सांगते, कारण यात मी बऱ्याच लड्या वाया घालवल्यात. अँकर कंपनीची लडी आठ मीटरची, दोऱ्याला सहा पदर. कॉटनवर मी नेहमी दोन पदर घेते, तेच फेल्टवर घेतले तर टाका लवेत बुडतो, दिसतच नाही, लांबून बघितलं तर नुसता फेल्ट. तीन पदर हवेत, फांदीला तर चार. आणि उठून दिसणारे टाके घ्यायचे, साखळी, फ्रेंच नॉट, लेझी डेझी (पाकळीसारखा सुटा साखळीचा टाका). काश्मिरी नमदे, म्हणजे जमिनीवर अंथरायचे, असतात बघा, तो फेल्टच की, त्यावरचं भरतकाम आरीनं, म्हणजे आकड्याच्या सुईनं, घातलेल्या साखळीचं असतं, मोठमोठी फुलं. मी ते बघून साखळी वाढवली आणि एकदम फरक पडला, रेघ वर आली. सॅटिन स्टिचने, म्हणजे शेजारी शेजारी चिकटून टाके घालून, पान भरायला गेलात तर त्याची कड फेल्टवर भुरभुरीत दिसते, म्हणून आधी पानाच्या कडेनं बारीक उलटी टीप घालायची आणि तिच्यावरून भरायचं. कापड ताणून धरायची भरतकामाची रिंग लावूच नका. फेल्ट तसाही कडक असतो आणि रिंगचा गोल वळ उठतो तो जाता जात नाही.

आखायचंच असेल तर साबणाची संपत आलेली चपटी वडी. आमच्या गल्लीतला टेलर तीच वापरतो. गडद रंगावर पांढरी रेघ उठते, काम झालं की चोळून निघते. गोल हवा असेल तर बांगडी ठेवून ओढा. मी एवढंच आखते, एक गोल किंवा एक रेघ, बाकी सगळं सुईवर.

आता एक फजिती. सुईपुस्तक बरं झालं म्हणून मी हवेत होते आणि दादाच्या वाढदिवसाला चष्म्याचं घर करायला घेतलं, मरून रंगाचं. तीन संध्याकाळी भरत होते. फुलं झाली, पानं झाली, मग पानांच्या मधे ठिपके, ठिपक्यांच्या मधे अजून बारीक ठिपके, थांबावं कुठे तेच कळेना. पॅटर्न असला की तो संपतो हो, शेवटची रेघ भरली की झालं, तुम्ही उठता. इथे संपतच नाही. आणि इतकं गच्च भरल्यावर फेल्ट आवळत गेला, दोऱ्याचा ताण सगळीकडून, तुकडा कडक पापडासारखा झाला आणि मापाला अर्धा इंच कमी. मी मोजायला हवं होतं, नाही मोजलं, तशीच दोन्ही बाजू जोडून काजटाका घालून मोकळी झाले. दादाने त्यात चष्मा घालून बघितला, अर्ध्यात अडकला. म्हणाला, "छान आहे गं, पेनं राहतील." आता त्यात त्याच्या ऑफिसची पेनं असतात. तेव्हापासून आधी भरते, मग कापते, आणि दोन रंग आणि तीन प्रकारचे टाके याच्यावर जात नाही. रोज संध्याकाळी एकदा तुकडा भिंतीला टाचून लांबून बघते. जिथे बघून काही घालावंसं वाटत नाही तिथे काही घालत नाही, एवढं साधं मला कळायला एक चष्मा लागला.

पण मी हे लिहायला बसले ते खरं मावशीआजीमुळे. आईची मावशी, लग्न होऊन धारवाडला गेली ती तिथलीच झाली, बोलणं अर्धं कानडी. दिवाळीनंतर आली होती चार दिवस. तिनं तरुणपणी कसुती, म्हणजे तिकडचं कर्नाटकी भरतकाम, केलीये, इरकली साडीच्या पदरावर गोपुरं, तुळशीवृंदावनं, रथ. आणि कसुतीत छापील काही नसतंच. कापडाचे धागे मोजायचे आणि भरायचं, गाठ मारायची नाही, आणि गवंती टाका तर असा की एकदा जाताना एक आड एक टाका टाकत जायचं आणि येताना रिकाम्या जागा भरत यायचं, कापड उलटवलं तरी तेच चित्र. म्हणजे मी इतके दिवस 'पॅटर्नशिवाय' म्हणून मिरवत होते आणि ही बाई पन्नास वर्षांपूर्वीपासून बिनकागदाचं करतेय.

मी तिला फेल्टचा तुकडा दिला. तिनं तो चष्म्याजवळ नेला, उलटा केला, परत सुलटा केला, उजेडाकडे धरला, बोटानं चोळला.

"ह्येला धागाच न्हाई गं. मोजायचं काय?"

"मोजायचं नाही आजी. अंदाजाने घालायचं."

"अंदाजानं आमटीत मीठ घालत्यात."

मग म्हणाली दे इकडे सुई. आणि मला वाटलं आता ही मोकळेपणानं काहीतरी फुलबिल काढेल. छे. तिनं आधी अंगठ्याच्या नखाची रुंदी फेल्टवर लावून बघितली, नखानं दाबून बारीक खूण केली, परत एक, परत एक, अशी ओळभर खुणा, आणि त्या लवेतल्या खुणा पुसायच्या आत भराभर टाके टाकत गेली. कापडाला धागे नाहीत तर तिनं स्वतःच्या नखाचे पाडले. मी हे कधी केलंच नव्हतं, इतके दिवस नुसती नजरेवर चालत होते. तेव्हापासून मीही टाक्याची लांबी नखाशी मोजते, विशेषतः काजटाका घालताना, कडेला लगेच फरक दिसतो.

गोपुर मात्र तिचं लवंडलं. पायऱ्या पायऱ्यांनी वर जाताना तिसऱ्या थराला उजवीकडे कललं, आणि मोजायला खाली काही नसल्यामुळे ते सरळ कुठून करायचं तेच तिला सापडेना. उसवायला गेली तर लव उपटून आली. "शी! केस हायत काय ह्येला!" म्हणून तिनं तुकडा खाली ठेवला आणि जेवायला चला म्हणाली. जेवण झाल्यावर परत उचलला. डावीकडे दुसरं एक गोपुर घातलं, मुद्दाम तिकडे कललेलं, आणि दोघांच्या मधे एक तुळशीवृंदावन, ते तेवढं सरळ. आई म्हणाली, मावशे, हे काय, देवळं दारू प्यायलीत का? आजी हसली नाही. तिचं लक्ष मागच्या बाजूकडे होतं, तिथेही दोन्ही गोपुरं तश्शीच्या तश्शी कललेली, एक गाठ नाही.

तो तुकडा तिनं मला दिला नाही, पिशवीत घालून घेऊन गेली. परवा रात्री फोन आला. आधी तब्येत, मग आईची तब्येत, मग पावसाचं, आणि मग ठेवता ठेवता, "ते बिनधाग्याचं कापड अजून मिळतंय काय गं तुझ्या आळीत? जांभळं बघ. आणि पातळ बघ, ह्या जाड्याला अंगुस्तान लागतंय."