नागपंचमीला तवा

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'किती फूट?' विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती चढली, एवढंच त्यात असतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी आली होती. नदी चढतच होती, पण टीव्ही लावला तर कुठल्याही चॅनेलवर काश्मीर. कलम ३७० ची घोषणा त्याच दिवशी झालेली. पुराचं कळायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, नाहीतर पुलाकडून आलेल्या माणसाकडून.

खरं सांगायचं तर सकाळी मला पुराची काळजी नव्हतीच. मी वैतागले होते ते कामाच्या मावशींवर. काल आल्या नव्हत्या, आजही नाहीत. फोन बंद. सणाच्या दिवशी भांड्यांचा ढीग, आणि चार वाजता आमच्या महिला मंडळाचा कार्यक्रम. कालनिर्णयवर ४ आणि ५ तारखेच्या चौकोनात लाल पेनानं दोन फुल्या मारल्या आणि स्वतःच भांडी घासली. सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी शिरल्याचं मी त्याच दिवशी पेपरात वाचलं होतं. मावशी तिथंच राहतात हे मला सहा वर्षं माहीत होतं. ह्या दोन गोष्टी डोक्यात एकत्र काही आल्या नाहीत.

आमचं मंडळ म्हणजे विश्रामबागेतल्या चोवीस जणी. महिन्याची भिशी, संक्रांतीचं हळदीकुंकू, भोंडला, वर्षाची एक सहल. समाजसेवा म्हणाल तर वृद्धाश्रमाला दर थंडीत ब्लँकेटं, फोटोसकट. मी खजिनदार, कारण बँकेतून निवृत्त झाले, त्यामुळे हिशेब मलाच जमणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं.

झिम्मा-फुगड्यांसाठी जमलो तेवढ्यात आमच्यातली एक शिक्षिका धावत आली. माझ्या घरासमोरच्या शाळेत पूरग्रस्तांना आणून ठेवलंय, सव्वाशे-दीडशे माणसं आहेत, दुपारपासून बिस्किटांवर आहेत, रात्रीच्या जेवणाचं अजून कुणी काही बोललेलं नाही.

"चपात्या करू, प्रत्येकीनं वीस," मी म्हणाले.

सगळ्या गप्प. मग एकीनं हळूच आठवण करून दिली, "अगं, आज नागपंचमी."

ज्यांच्या घरी पाळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, विळी-सुरी हातात घ्यायची नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. म्हणून तर त्या दिवशी उकडलेली पुरणाची दिंडं करतात. आमच्यातल्या निम्म्या जणी हे मानत नसल्या तरी पाळतात. सगळ्यांनी माईंकडं बघितलं. माई आमच्यात थोरल्या, तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. सोवळंओवळं, उपासतापास, कुठल्या दिवशी काय चालतं, याचं शेवटचं कोर्ट म्हणजे माई.

"खिचडी करा," माई म्हणाल्या. "तिला तवा लागत नाही आणि सुरीही."

मग आमची धावपळ. मंगल कार्यालयातून मोठं पातेलं आणलं. मिरच्या हातानं मोडल्या, कोथिंबीर खुडली, आलं ठेचलं. दहा किलो तांदूळ, तीन किलो मूगडाळ. घरात चौघांचा अंदाज बिनचूक असणाऱ्या बायका दीडशे माणसांच्या पाण्याला चुकल्या आणि पहिलं पातेलं बुडाला लागलं. वरवरची काढून घेतली, खालची करपलेली आम्हीच उभ्या उभ्या खाल्ली.

आठच्या सुमारास शाळेच्या व्हरांड्यात वाढायला लागलो. मी डाव घेऊन उभी होते. ताटं पुढं येत होती, मी वाढत होते, चेहऱ्यांकडं फारसं बघत नव्हते. एक ताट पुढं आलं आणि थोडं मागं सरकलं. त्या हातातल्या बांगड्या माझ्या ओळखीच्या होत्या. मीच दिवाळीत दिल्या होत्या.

मावशींनी पदर पुढं ओढला होता. पाठीमागं सून, कडेवर नातू.

"मावशी, तुम्ही इथं?"

"शनवारी रातीच निघालो ओ ताई. आधी दुसऱ्या शाळंत हुतो, तिथंबी पाणी याया लागलं. फोन भिजला." मग घाईनं म्हणाल्या, "उद्या येत्ये कामाला. हितनं जवळच हाय तुमचं घर."

काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. डाव मात्र दोनदा भरून घातला, आणि मागचा माणूस म्हणाला, "आम्हालाबी ठेवा की."

खिचडी पोरांनी आवडीनं खाल्ली. एका म्हाताऱ्या बाबांनी ताट अर्धं ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "बाई, ह्ये आजाऱ्याचं जेवण. गोड लागलं, पर आमची पोरं पहाटं परत पाण्याकडं जाणार, म्हाताऱ्या माणसांस्नी काढाय. त्यांच्याबरं बांधून द्याय काय तरी व्हवं. भाकरी न्हाई का?"

ते बरोबरच होतं. खिचडी बांधून देता येत नाही. सकाळपर्यंत आंबते. भाकरी दोन दिवस टिकते, खिशात मावते, वर खर्डा घातला की झालं. पण भाकरीला तवा लागतो.

रात्री नऊला माझ्या स्वयंपाकघरात आम्ही आठ-दहा जणी जमलो आणि वाद सुरू झाला. कुणी म्हणे पहाटे चारला उठून करू. पण पहाटे चारला उठून दोनशे भाकऱ्या सहापर्यंत कशा व्हायच्या? कुणी म्हणे आपद्धर्म असतो. कुणी म्हणे सासूबाईंना कळलं तर. माई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. मग उठल्या, पदरानं चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयला नाक लावून ५ तारखेच्या चौकोनातली बारीक अक्षरं वाचायला लागल्या.

"पंचमी दुपारी चारच्या आतच संपलीय," त्यांनी जाहीर केलं. "आता षष्ठी चाललीय. ठेवा तवे."

आता ज्या बाईनं जन्मभर सूर्योदयाला जी तिथी तोच दिवस मानला, रात्री बारानंतर एकादशी सोडायची का म्हणून विचारलं की "उजाडू दे" असं उत्तर दिलं, त्या बाईला हे काही आज कळलं नव्हतं. आम्हालाही ते कळत होतं. कुणी काही बोललं नाही. एकीनं गॅस पेटवला.

पुढची अडचण निराळीच. चोवीस जणींतल्या किती जणींना शाळूची भाकरी थापता येते? हात वर झाले ते पाच, त्यातले दोन अंदाजाचे. माझी पहिली भाकरी परातीतून उचलतानाच तीन तुकड्यांत आली. तेवढ्यात मागच्या दारात मावशी उभ्या दिसल्या, बरोबर शाळेतल्या आणखी चार बाया. नातवाला दूध मागायला आल्या होत्या म्हणे. दोन मिनिटं बघत राहिल्या आणि मग त्यांना राहवलं नाही.

"पिठाची विरी गेलीया, ताई. कवा दळलंय? अशानं न्हाई जमायचं. आधण ठेवा."

पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, त्याला विरी जाणं म्हणतात. मग उकळतं पाणी घालून मळावं लागतं. हे मला शब्दानं माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. मावशी परातीसमोर मांडी घालून बसल्या. गोळा, पिठावर दोन थापा, मग हाताच्या कडेनं भाकरी आपोआप फिरायला लागायची, जणू तिला कुणी सांगितलं होतं. तव्यावर टाकली की वरून पाणी, उलटली की फुगली. माईंचा बिडाचा तवा त्यांनी मागून घेतला. आमच्या नॉनस्टिकला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. आम्ही बाकीच्या गोळे करणं, धुतलेल्या साड्या अंथरून त्यावर भाकऱ्या सुट्या पसरणं, शेंगदाण्याची चटणी कुटणं ह्या कामांवर. गरम भाकऱ्या एकावर एक ठेवल्या की घाम सुटतो आणि सकाळपर्यंत वास येतो, हेही त्यांनीच दोनदा ओरडून सांगितलं. माझ्या घरात माझ्यावर ओरडायची त्यांची ही पहिलीच वेळ.

किती झाल्या ते मला लिहून ठेवायचं होतं. कागद सापडेना म्हणून मी कालनिर्णयच्या कडेला आकडे मांडायला लागले. मावशी पाणी प्यायला उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. वाचता येत नाही त्यांना. पण त्या चौकोनातल्या लाल फुल्या त्या दर महिन्याला बघतात, पगाराच्या दिवशी आम्ही दोघी मिळूनच मोजतो.

"ह्या माझ्याच न्हवं?"

मी हो म्हणाले.

"शनवार संध्याकाळची ऱ्हायली. तवाबी आले नव्हते," असं म्हणून त्या परत परातीपाशी जाऊन बसल्या.

रात्री दीडला २१२ भाकऱ्या झाल्या. पहाटे पोरं येऊन गाठोडी घेऊन गेली.

पुढचे आठ-दहा दिवस काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं नंतर पाहिलं. पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं, २००५ चा पूर मागं पडला. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसं नेणारी बोट उलटली. त्या संध्याकाळी आमच्याकडं कुणाच्याच हातातली भाकरी धड झाली नाही. विश्रामबागेत पाणी आलं नाही, पण दूध, पेट्रोल सगळ्याची बोंब. मंडळानं गणपतीपुळ्याच्या सहलीसाठी जमवलेले पैसे पिठात, औषधात, आणि मुख्य म्हणजे परकर आणि सॅनिटरी पॅडमध्ये गेले. बाहेरगावाहून जुन्या कपड्यांचे टेम्पोच्या टेम्पो येत होते, त्यात जरीच्या साड्यासुद्धा निघाल्या, पण एक नवा परकर निघेल तर शपथ. तो मागायचा कुणाकडं, हे शाळेतल्या बायांना चार दिवस कळत नव्हतं. आम्हाला ते मावशींनी सांगितलं. मंडळात त्या आता पंचविसाव्या. भिशीला येत नाहीत, म्हणतात तेवढे पैसे नाहीत आणि चिवडा खारट असतो.

पाणी ओसरल्यावर त्या घर बघून आल्या. गुडघाभर गाळ, भांडी वाहून गेलेली. महिनाअखेरीला मी फुल्या न मोजता पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले, कमरेला खोचले आणि म्हणाल्या, "ताई, त्यो त्या रातीचा तवा माईंस्नी मागून बघता का? आमचा गेला."

माईंनी तवा घासून, तेलाचा हात लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः आणून दिला. देताना बजावलं, "बाई गं, एवढं ऐक. नागपंचमीला चुलीवर ठेवायचा नाही हं हा."

"बघू की," मावशी म्हणाल्या. "पंचमी किती वाजता संपतीया त्यावर."