तक्रारीत नुसतं "मला त्रास होतोय" लिहू नका

मध्यंतरी एका मैत्रिणीने ऑफिसमध्ये द्यायच्या भेदभावाच्या तक्रारीचा ड्राफ्ट वाचायला पाठवला. दोन पानं भरून मानसिक खच्चीकरण, सतत डावललं जाणं, खराब वातावरण असं सगळं होतं, पण एकही तारीख नाही, कोण काय बोललं ते नाही. आणि घडलेलं तर अगदी स्पष्ट होतं, तिने प्रेग्नंट असल्याचं मॅनेजरला सांगितलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्याकडचा मोठा क्लायंट काढून दुसऱ्याला दिला आणि वर टीमसमोर "तुला आता झेपणार नाही" असंही ऐकवलं. नेमकं हेच ड्राफ्टमध्ये नव्हतं. वाचून खूप वाईट वाटलं, कारण खरी तक्रार असलेली कितीतरी माणसं इथेच कमी पडतात.

बॉस सगळ्यांशीच वाईट वागत असेल तर ते वाईटच आहे, पण कायद्याच्या भाषेत तो भेदभाव होत नाही. भेदभाव म्हणजे इतरांना एक वागणूक आणि मला वेगळी, आणि त्यामागचं कारण माझं बाई असणं, जात, धर्म, अपंगत्व, बाळंतपण असं काहीतरी. म्हणून तक्रारीत तुलना हवीच. माझ्यासारखंच काम करणाऱ्या दुसऱ्याला काय मिळालं, मला काय मिळालं, आणि हा फरक कधीपासून पडला. आधीची दोन अप्रेझल उत्तम आणि प्रेग्नन्सी कळल्यावर अचानक "परफॉर्मन्स इश्यू", हा क्रम कुठल्याही जड शब्दापेक्षा जास्त बोलतो.

आपल्याकडे अडचण अशी की खाजगी नोकरीतल्या सगळ्या भेदभावांसाठी एकच असा कायदा नाही. संविधानातलं कलम १६ सरकारी नोकरीबद्दल बोलतं. बाकी तुकड्यातुकड्यात आहे, त्यामुळे आपलं प्रकरण कुठल्या दारात जातं ते आधी शोधावं लागतं आणि हे मला खरंच अन्यायाचं वाटतं, आधीच खचलेल्या माणसाने कायद्यांचा नकाशा पण स्वतःच काढायचा!

त्यातल्या त्यात सगळ्यात नीट आखलेला रस्ता लैंगिक छळाच्या तक्रारीचा, म्हणजे २०१३ चा पॉश कायदा. सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून तो आला. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. त्याहून कमी माणसं असतील किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इंटर्न, ट्रेनी, कॉन्ट्रॅक्टवरच्या बायका सगळ्यांना हे लागू आहे. मात्र हा कायदा फक्त महिलांच्या तक्रारीसाठी आहे, पुरुषांना या रस्त्याने जाता येत नाही.

इथे मुदत फार महत्त्वाची. घटना घडल्यापासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, प्रकार पुन्हापुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. एचआरला केबिनमध्ये तोंडी सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं नाही. "बघते मी, तू टेन्शन घेऊ नको" यातच महिने निघून जातात. लिहिणं जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि त्या काळात बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत जास्तीची रजा मागता येते, हे मागायचं असतं हेच बऱ्याच जणींना माहीत नसतं. समेट करायचा तर तक्रार करणारीने स्वतः म्हटलं तरच, आणि पैसे देऊन मिटवायचं नाही. आरोप सिद्ध करता आला नाही म्हणजे तक्रार खोटी असं कायदा मानत नाही, ही भीती तरी मनातून काढा.

बाकीची दारं थोडक्यात सांगते. प्रसूती रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, तक्रार कामगार खात्याकडे. समान कामाला समान पगार हे १९७६ पासून कायद्यात आहे, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. अपंगत्वाबाबत २०१६ चा कायदा, तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. एचआयव्हीची टेस्ट ही नोकरीची अट ठेवता येत नाही, २०१७ चा कायदा. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे आणि त्यात प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलंय. जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, तिथे थेट पोलीस. पण जातीमुळे प्रमोशन गुपचूप अडवलं, तर खाजगी कंपनीत त्यासाठी असं सरळ दार नाही आणि ही पोकळी फार मोठी आहे.

पुरावा म्हणजे काही फार मोठं लागत नाही. घडलं त्याच दिवशी रात्री लिहून ठेवा, तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, समोर कोण होतं. मीटिंगमध्ये तोंडी काही सांगितलं गेलं तर "आज आपलं असं बोलणं झालं" असा साधा ईमेल लगेच टाका, उत्तर नाही आलं तरी तो मेल राहतो. स्वतःचे रिव्ह्यू, पगाराच्या स्लिपा, चॅटचे स्क्रीनशॉट जपा, पण क्लायंटच्या फाइल किंवा कंपनीचा डेटा घरच्या मेलवर पाठवू नका, नाहीतर उलट तुमच्यावरच कारवाई व्हायची. तक्रार दिली की पोच घ्या, मेलवर दिली असेल तर मिळाल्याचं लेखी मागा.

आणि नोकरी सोडायची वेळ आलीच तर घाईघाईत राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" लिहू नका. एचआर स्वतःहून सुचवतं की असंच लिही, रिलीव्हिंग लेटर लवकर मिळेल. जे घडलं तेच दोन ओळीत लिहा, आधी तक्रार दिली असेल तर तिची तारीख टाका, आणि लॉगिन बंद व्हायच्या आत स्वतःची कागदपत्रं काढून घ्या.