रिव्हरवूडची टपालफेरी

शनिवारचा त्र्यंबकचा बेत पावसानं बुडवला, म्हणून नाशिकरोडला घरीच बसून स्कायरिममध्ये फिरून आलो. गेम २०११ चा, म्हणजे शिळाच. पण शिळ्या पोळीचा कुस्करा चांगला लागतो.

सुरुवातीच्या हेल्गेन गावाहून उतरताना वाटेत तीन उभे दगड लागतात. धनुष्य चालवणार असाल तर योद्ध्याच्या दगडाला हात लावूनच पुढे व्हा, धनुर्विद्या २० टक्के जास्त वेगानं वाढते. पुढे नदीकाठी सॉ मिल दिसली की रिव्हरवूड गाव आलं.

इथं स्वेन हा गवई आणि फेंडाल हा एल्फ, दोघांचाही जीव दुकानातल्या कॅमिलावर. स्वेननं माझ्या हातात एक जळजळीत पत्र ठेवलं: कॅमिलाला दे, फेंडालनं दिलंय म्हण. (आधी फेंडालला गाठलंत तर तोही स्वेनच्या नावानं असलंच पत्र खपवतो. दोघं एकाच माळेचे मणी.) मी ते उघडून वाचलं. मागून आजोबा म्हणाले, "दुसऱ्याचं पत्र वाचू नये रे." त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, टपाल तिकिटं छापण्यात गेली. म्हटलं, आजोबा, याला तिकीटच नाहीये. "मग बेरंग आहे. घेतलंस कशाला?"

दुकान रात्री बंद असतं. तेव्हा दार उचकटत बसू नका. कीबोर्डवरचं टी (थांबायचं बटण) दाबून सकाळ होऊ द्या. मागच्या खेपेला मी स्वेनचं खोटं निमूट पोचवलं आणि हा गवई सोबती म्हणून गळ्यात पडला. लढाईत त्याचा काय उपयोग! या वेळी कॅमिलाला सरळ सांगितलं की पत्र स्वेनचं आहे. ती भडकली. मग फेंडालला खबर द्यायची. थोडी नाणी मिळतात आणि तो सोबत यायला तयार होतो.

खरी कमाई पुढेच आहे. फेंडाल पैसे घेऊन धनुर्विद्या शिकवतो, पन्नासपर्यंत, दर लेव्हलला पाच धडे. त्याला सोबत घ्या, धडा घ्या, मग त्याचं सामान उघडून आपलेच पैसे काढून घ्या. आजोबांना हे सांगितलं नाही.

पाचवा धडा झाला आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. लाईट आल्यावर उघडलं तर दुकानातून बाहेर पडताना गेमनं आपोआप केलेला सेव्ह: फेंडालला खबर द्यायची अजून बाकी.