व्यक्तिचित्रांची नोंदवही : संक्रांत ते आषाढ, नऊ चेहरे

संक्रांतीला मागची नोंद लिहिली तेव्हा ठरवलं होतं, की या वर्षी फोटोवरून एकही चेहरा काढायचा नाही. माणूस समोर बसवायचा, कोळशानं काढायचं, आणि चित्र झालं असं वाटलं तरी तो माणूस आणखी एकदा बसल्याशिवाय सही करायची नाही. आता आषाढ लागलाय आणि नऊ चेहरे झालेत. पाच ठेवण्यासारखे आहेत, तीन सरावाचे, आणि एक अजून बोर्डावर आहे. सगळ्यांबद्दल लिहीत नाही. जे काही शिकले ते मुख्यतः दोघांकडून, तेव्हा त्यांच्याबद्दलच सविस्तर.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: इंदूरला माझं चष्म्याचं दुकान आहे, बाबांकडून आलेलं. घर रामबागेत. वरच्या मजल्यावर उत्तरेची खिडकी असलेली एक खोली आहे, रविवारी सकाळी ती माझी. वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं पाय मोकळे करायला, असे चार फेरे, मग पोहे. बसणारा माझ्यापासून साधारण सहा फुटांवर. याहून जवळ बसवलं की नाक पुढं येतं आणि कान मागं पळतात. हातभर अंतरावरून मोबाइलनं काढलेल्या फोटोत होतं तेच. खुर्चीच्या चारही पायांभोवती मास्किंग टेपच्या खुणा आहेत, कारण खुर्ची चार बोटं सरकली तरी पुढच्या रविवारी नाकाची सावली भलतीकडे पडते. कागद राखाडी. जवळजवळ सगळं काम विलोच्या कोळशात, म्हणजे विलोच्या काड्या जाळून केलेल्या मऊ कोळशात. कॉम्प्रेस्ड, म्हणजे दाबून घट्ट केलेला कोळसा अगदी शेवटी, सगळ्यात गडद जागांपुरता, कारण तो एकदा कागदात बसला की नीडेड रबरानंही, म्हणजे कणकेसारख्या मऊ खोडरबरानंही, पुरता उठत नाही.

दुकानात मी दिवसभर चेहरे मोजते. नाकाच्या मध्यापासून उजवी बाहुली 31 मिलिमीटरवर आणि डावी 33 वर, असं सर्रास असतं. म्हणून चांगल्या नंबरात दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या असतात. दोन्ही कान एका पातळीत असलेलं गिऱ्हाईक तर क्वचितच येतं. टेबलावर सरळ बसणारी फ्रेम चेहऱ्यावर तिरकी दिसते, मग काडी गरम करून वाकवायची, की ती सरळ दिसायला लागते. हे सगळं हातात इतकं मुरलेलं असताना कागदासमोर बसले की मी दोन्ही डोळे सारखे करायचे, दोन्ही भुवया एका उंचीवर आणायचे, ओठांचा खाली उतरलेला कोपरा अलगद वर घ्यायचे. दुकानात मी फ्रेम चेहऱ्याला जुळवते, आणि इथं चेहराच एका ठरलेल्या फ्रेमला जुळवत होते. हे लक्षात यायला फेब्रुवारी उजाडला.

फेब्रुवारी

गल्लीतले एक काका बसले. सत्तरीपुढचे, उभी हयात कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात गेलेली. सुरुवात मी नेहमीप्रमाणे डोळ्यांपासून केली. "काका, समोर बघा" म्हटलं आणि ते शाळेच्या फोटोसाठी बसावं तसे ताठ बसले. विणकामाच्या सुईनं मापं घेतली, डोळ्यांची रेघ डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर आली, नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी. दोन रविवार गेले. काकू त्यांना न्यायला आल्या, बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच आहेत. पण हे ऐकत नाहीयेत गं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, की साच्यांच्या आवाजात काकांचा उजवा कान गेला. कुणी बोलायला लागलं की ते डावा कान पुढं करतात, आणि घरात, दारात, भाजीवाल्याशी, त्यांचा चेहरा असाच असतो. समोर बघणारे काका कुणी पाहिलेलेच नाहीत!

तिसऱ्या रविवारी काकूंना शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, तुम्ही बोलत राहा. त्यांनी नातवाच्या ॲडमिशनचा विषय काढला. काकांचं डोकं हळूच उजवीकडे वळलं, किंचित खाली झुकलं, आणि डोळे मात्र कोपऱ्यातून काकूंकडे. डाव्या कानामागून निघून हासळीपर्यंत येणारा मानेचा स्नायू दोरीसारखा वर आला. मी ओळंबा धरून पाहिला: ताठ बसले होते तेव्हा कानाच्या पाळीखालची रेघ खांद्याच्या मधोमध पडत होती, आता ती पुढं सरकून हासळीवर आली. बोटभराचा फरक, पण सगळा माणूस त्यात.

जुना कागद बाजूला ठेवला आणि नव्यानं, पहिल्यांदाच, डोळ्यांना हात न लावता सुरुवात केली. आधी डोकं मानेवर कसं बसलंय ते, मग खांद्यांचा उतार, मग डोळे किलकिले करून उजेड-सावलीचे मोठे तुकडे. चेहरा चाळीस मिनिटं रिकामा होता. तरीही पोहे घेऊन आलेल्या आईनं दारातूनच विचारलं, "हे गिरणीवाले ना?"

तेव्हापासून हाच क्रम धरलाय. आपण माणूस पाठमोरा ओळखतो, गॅलरीतून खाली बघताना चालीवरून ओळखतो. तिथं कुठं त्याचे डोळे दिसतात? आपल्या इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी झाडाच्या सालीत, सुकलेल्या पानात, टाकून दिलेल्या वस्तूंत चेहरे दाखवायचे. मी त्यातून एवढं घेतलं, की चेहरा दिसायला फार थोडं पुरतं, आपली नजर तो शोधतच असते. व्यक्तिचित्र काढणाऱ्याला हाच मोठा धोका आहे. दोन डोळे नीट जमले की नजर खूश होते आणि हात थांबतो, आणि कागदावर चेहरा असतो पण त्या माणसाचा नसतो.

मार्च

भाचा बसला, रंगपंचमीनंतरच्या रविवारी. गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर न्हाऊन निघालेला, कानामागचा हिरवा रंग अजून गेलेला नव्हता. चित्र बरं झालं. मग कोळसा झडू नये म्हणून फिक्सेटिव्हचा फवारा मारला, जरा जवळून आणि जास्तच, आणि कपाळावरचा पांढऱ्या खडूचा उजेड पार बुडाला. आता पांढरा खडू फिक्सेटिव्हनंतरच लावते आणि त्यावर पुन्हा काही मारत नाही.

एप्रिल

मला सातवीत भूमिती शिकवलेल्या बाई. आता आमच्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. दोन्ही डोळ्यांना उणे नऊच्या आसपास नंबर.

चष्मा काढून बसवायचं ही आम्हा हौशी लोकांची सवय असते. काचेची चकाकी नको, फ्रेमची सावली नको. मीही बाईंना काढायला सांगितला, आणि पाहिलं तर समोर कुणी दुसरंच बसलेलं. नाकावर पॅडचे दोन लालसर खळगे, पापण्या आवळलेल्या, भुवया एकत्र ओढलेल्या. वर्गातल्या शेवटच्या बाकावरची चिठ्ठी ओळखणारी ती नजर कुठं टेकावं हे न कळून खोलीभर फिरत होती. एक रविवार तसाच गेला. दुपारी दुकानाच्या हिशेबाला बसले तरी तेच डोळ्यांसमोर.

पुढच्या वेळी चष्म्यासकट. आणि इथं माझं रोजचं काम उपयोगी पडलं. उणे नंबराच्या काचेतून डोळा लहान दिसतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या काचेतून गालाची कडाही आत सरकलेली दिसते. कानशिलावरून खाली येणारी चेहऱ्याची बाह्यरेषा फ्रेमच्या वरच्या कडेपाशी तुटते, काचेच्या आत ती नाकाच्या बाजूला सरकून चालते आणि फ्रेमखाली पुन्हा बाहेर, आपल्या मूळ जागी येते. माझ्या कागदावर ही सरकण चांगली पाच मिलिमीटर भरली. शिवाय काचेच्या कडेला बारीक वर्तुळं, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारखी.

मी ती रेषा तीनदा काढली आणि दोनदा पुसली. बघावं तेव्हा चूकच वाटायची, चेहऱ्याला खाच पडल्यासारखी. तिसऱ्यांदा पुसायच्या आधी सुई धरून मोजलं, आणि मोजमाप रेषेच्या बाजूनं निघालं. मग ठेवली. डाव्या काचेत खिडकीचा एक लहानसा चौकोन पडला होता, तो ठेवला. उजवीतला मात्र रबरानं दाबून मंद केला, कारण दोन्ही ठेवले तर नजर काचेवरच अडते आणि आत पोचत नाही.

बाईंनी चित्र हातात घेतलं, जवळ आणलं, चष्मा कपाळावर सारून अर्ध्या वितीवरून पाहिलं. उणे नंबराच्या माणसाला जवळचं असं उघड्या डोळ्यांनी छान दिसतं.

"अगं, इथं रेघ तुटलीय."

"तुटतेच बाई. तुमच्या काचेतून तशीच दिसते."

त्या आरशासमोर गेल्या, चष्मा खाली घेतला, मान वळवून बराच वेळ बघत राहिल्या. "पन्नास वर्षांत कधी लक्षात नाही आलं," म्हणाल्या. "असू दे तशीच."

पाच ठेवण्यासारख्या चित्रांत हे मला सगळ्यात जवळचं आहे. तुमच्यापैकी कुणी जाड भिंगांची माणसं काढत असाल तर आधी ती बाह्यरेषा कुठं तुटते ते पाहा, मग डोळे. आणि अधिक (प्लस) नंबर असेल तर उलट, गाल बाहेर फुगतो. तैलरंगात हे कसं साधता ते वाचायला मला फार आवडेल.

मे

गावाला आलेली आत्या, मग दुकानातला मुलगा. दोन्ही सरावाचेच. लग्नसराई होती, बैठका तुटक झाल्या.

दुपारी दुकान थंड असायचं तेव्हा इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या दोन तैलचित्रांच्या प्रती शेजारी ठेवून बघत बसायचे. दोन्ही बर्नार बुते द मोनव्हेल या फ्रेंच चित्रकाराची. 1929 च्या चित्रात महाराज काळ्या पाश्चात्त्य पोशाखात उभे, नंतरच्या, 1933-34 च्या, चित्रात मराठी पोशाखात, पांढऱ्यावर पांढरं, बसलेले. पोशाख, बैठक, रंग सगळं उलटं, तरी माणूस एकच आहे हे कुणालाही सांगावं लागत नाही. मी पातळ ट्रेसिंग पेपरवर दोन्हींची नुसती बाह्यरेषा उतरवली, आत काहीही न भरता. लांबसडक अंगकाठी आणि ती निमुळती बोटं तेवढ्यातही राहिली. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. पुढच्या वेळी पुण्याला गेले की त्यांच्यासमोर वही घेऊन हेच करून बघायचं आहे.

जून आणि आता

उत्तरेचा उजेड दिवसभर स्थिर असतो असं आपण वाचलेलं असतं. ते थंड देशांतून आलेलं ज्ञान आहे. कर्कवृत्त उज्जैनच्या पुढून जातं, म्हणजे इंदूर त्याच्या जरासं दक्षिणेला. जूनमध्ये सूर्य ईशान्येकडे उगवतो आणि सकाळभर उत्तरेलाच राहतो, त्यामुळे ऐन बैठकीच्या वेळी माझ्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं आणि अर्ध्या चेहऱ्यावर पट्टा पडतो. बाबांच्या जुन्या धोतराचा एक पदर खिडकीला ताणून लावला. उजेड दुधासारखा पसरला आणि सावल्यांच्या कडा मऊ झाल्या. पाऊस सुरू झाल्यावर तो काढला. आता प्रश्न दमटपणाचा आहे. झालेली चित्रं बटर पेपरमध्ये घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटीत ठेवली आहेत.

बोर्डावर आहेत ते बाबा. त्यांना काढायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली. गेल्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता लांबचा नंबर राहिला नाही, चष्मा फक्त पेपर वाचायला. पन्नासेक वर्षांच्या काडीनं कानावर पाडलेला चर मात्र तसाच आहे, उजव्या बाजूला जास्त खोल, कारण तो कान वर आहे. डोकं, मान, खांदे दोन रविवारांत जमले. चर जमला. तरी काकूंचं "हे ऐकत नाहीयेत" हे वाक्य मला स्वतःलाच ऐकू येत होतं.

परवा तिसऱ्या फेऱ्यात ते गिऱ्हाइकाची काही जुनी गोष्ट सांगत होते. सांगता सांगता उजव्या हाताची तर्जनी वर गेली, नाकाच्या मुळाशी टेकली, आणि तिथं नसलेला चष्मा त्यांनी वर सारला. त्यांना पत्ता नव्हता. वीस मिनिटांत चारदा मोजलं मी.

कागद छातीपर्यंतचाच होता, कोपर त्यात मावत नव्हतं. पूर्ण ताव काढून बोर्डाला लावून ठेवलाय आणि खुर्चीच्या उजव्या हाताशी एक उंच स्टूल आणून ठेवलंय, कोपर टेकायला. रविवारी साडेआठला बसतील. काय सांगत बसायचं ते मी त्यांना सांगणार नाही, फक्त दुकानाचा विषय काढून देईन.