रोझेटाचे बूट आणि पुतण्याचा डबा

बेल्जियममध्ये लिएजला मी राहते, तिथनं नदीकाठानं थोडं वर गेलं की सेरँ लागतं. 1817 साली जॉन कॉकेरिलनं तिथं लोखंडाचा कारखाना घातला आणि अख्खं गाव त्यावर जगलं. आता झोतभट्ट्या बंद आहेत. दार्दन भावांचा 'रोझेटा' हा सिनेमा याच गावातला. 1999 साली कान महोत्सवात त्याला पाम द'ऑर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मला मात्र तो बघताना आमच्या बेळगावची कारखान्यांची उद्यमबागच दिसत होती.

मे महिन्यात शहापूरला घरी आले, तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर पुतण्याला तो लॅपटॉपवर दाखवला. पुतण्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ठेकेदाराकडं फेटलिंगला; ओतलेल्या भागांचं जादा लोखंड घासून काढायचं काम.

सुरुवातीलाच रोझेटाची कामाची मुदत संपते. ती जायला तयार नसते, कारखानाभर पळते, कॅमेरा तिच्या मानेमागं धावतो. राहते कॅरव्हानमध्ये, दारूत बुडालेल्या आईबरोबर. घराकडं जाताना ती झाडीतल्या पाइपात लपवलेले चिखलाचे बूट काढते, पायातले चांगले तिथं ठेवते.

"आत्या, थांबव जरा."

मग त्यानं सांगितलं. बारा दिवसांपूर्वीच त्याला कामावरनं काढलं होतं. "काम आलं की बोलावतो" एवढंच. वहिनी पहाटे उठून डबा करते, तिला सांगायचं धाडस होईना. सातला निघायचा, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ बसायचा, डबा खाऊन कारखान्यांच्या गेटागेटावर काम विचारत फिरायचा. परतताना बाहीला फौंड्रीची काळी वाळू चोळायचा.

माझ्या घशात आवंढाच आला.

पुढं रोझेटा वॅफल विकणाऱ्या मित्राची चोरटी विक्री मालकाला सांगते आणि त्याचीच जागा घेते. मला तिला अजून माफ करता येत नाही. पुतण्या म्हणाला, "तिला दुसरी वाटच कुठं ठेवली?"

सिनेमा आला त्याच वर्षी, 1999 ला, बेल्जियमनं कायदा केला: 50 किंवा जास्त कामगारांच्या कंपन्यांनी 3 टक्के जागा तरुणांना द्यायच्या. लोक त्याला रोझेटा प्लॅनच म्हणायचे. आपल्याकडंही 1961 चा अप्रेंटिस कायदा आहे, पण शिकाऊपणाची मुदत संपल्यावर पोराला ठेवून घ्यायची सक्ती त्यात नाही. मग पोरं शिरोलीला, गोव्याला, पुण्याला.

सकाळी त्यानं वहिनीला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. तवा उतरवला, नेहमीसारखा डबा भरला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"काम शोधत फिरायचं तरी पोटात काय तरी नको? ने की."