मीठ मागायला गेलो आणि पायगुण होऊन बसलो

आज २० डिसेंबर. सकाळी पोहे करायला घेतले तर मीठ संपलेलं. बल्गेरियातल्या प्लॉवदिव शहरात येऊन दीड वर्ष झालंय, आता कसला संकोच! खालच्या आजींचं दार वाजवलं. त्यांनी दंडाला धरून थेट लाकडाच्या शेगडीपाशी नेलं.

मीठ? आज नाही मिळायचं. इग्नाझदेन आहे, म्हणजे इथला संत इग्नेशियसचा सण. घरातून मीठ, विस्तव, पैसे काहीच उसनं द्यायचं नाही, बरकत निघून जाते. आणि आज पहिला उंबरा ओलांडेल तो ‘पोलाझनिक’. म्हणजे चक्क आपला पायगुण की हो! काठीने निखारे ढोसायला लावले. जितक्या ठिणग्या, तितकी कोकरं न् पिल्लं. मग हलायचं नाही, म्हणजे कोंबड्या अंड्यांवर नीट बसतात. (आजींकडे कोंबड्या नाहीत. मी विचारलं नाही.)

उद्या वर्षातला सगळ्यात छोटा दिवस. आजी म्हणाल्या, आता दिवस वरीच्या दाण्याएवढा वाढत जाणार. म्हटलं, आमच्याकडे तिळातिळाने वाढतो, पण संक्रांतीपासून. त्यावर बराच वेळ हसल्या.

निघताना ओंजळभर अक्रोड दिले. पोलाझनिकाला रिकामं पाठवत नाहीत म्हणे.

पोहे अळणीच खाल्ले.